बँकेचा फोन उचलू नका, असं सांगणारा माणूस

ज्यांच्या घरात कर्जाचे हप्ते थकलेत आणि वसुलीच्या फोनचा धसका बसलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची फसवणूक त्या धसक्यामुळेच झाली.

मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा पर्सनल लोनचे चार लाख बाकी होते आणि दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,८०,०००. सुरुवातीला कार्डाचं 'मिनिमम ड्यू' तेवढं भरत राहिलो. त्यानं लेट फी टळते, पण बाकी रकमेवर व्याज चालूच राहतं, आमच्या कार्डांवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. हा दर स्टेटमेंटवर छापलेला असतो. आम्ही तो कधी वाचलाच नव्हता. मग तेही भरणं जमेना आणि फोन सुरू झाले. मोबाईल वाजला की मुलगी आधी स्क्रीनकडे बघायची आणि हळूच विचारायची, "उचलू का?"

अशात मोबाईलवर 'कर्जमुक्ती'ची जाहिरात दिसली. ऑफिस नीटनेटकं होतं, माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "ताई, आजपासून तुम्ही निर्धास्त झोपा. बँकेशी काय बोलायचं ते आम्ही बोलू." किती महिन्यांनी कुणीतरी आमच्याशी आवाज न चढवता बोलत होतं. तिथंच आम्ही विरघळलो.

रजिस्ट्रेशनचे १५,००० त्यानं रोख घेतले. पुढं दर महिन्याला ८,००० 'सेटलमेंट फंडात' टाकायचे. सगळे हप्ते बंद करायचे, सिम बदलायचं, बँकेचं रजिस्टर पोस्ट आलं तर घ्यायचं नाही. थकबाकी जितकी वाढेल तितकी बँक नमते, असं तो सांगायचा. शिवाय २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्यात सामान्य माणसाचं कर्ज माफ होतं, ही थापही त्यानं मारली.

नऊ महिने आम्ही ८,००० भरत गेलो. घरात शांतता होती आणि ती शांतता आपण विकत घेतलीय असं वाटायचं. नवव्या महिन्यात त्यानं कर्ज माफ झाल्याचं एक प्रमाणपत्र दिलं. जाड पिवळसर कागद, कडेनं सोनेरी नक्षी, खाली निळा गोल शिक्का, मधोमध मिस्टरांचं नाव आणि लोनचा खाते क्रमांक. मी ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवलं.

त्याच महिन्यात कोर्टाचं समन्स घरी आलं. हप्त्याचं ऑटो डेबिट खात्यात पैसे नसल्यानं परत गेलं होतं. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. पण असं डेबिट बाउन्स झालं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. चेक बाउन्सच्या कलम १३८ सारखंच ते, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. त्याआधी बँकेला नोटीस पाठवावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तिथंच थांबतं. आमची नोटीस आली होती. आम्ही पोस्टमनला दारातून परत पाठवलं होतं. नोटीस नाकारली तरी कायदा ती पोचली असंच धरतो.

बँकेत गेलो. मी फोल्डर पुढं केलं. कर्ज विभागातल्या बाईंनी प्रमाणपत्र वाचलं, कॉम्प्युटरवर आमचं खातं उघडलं आणि कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. खाते क्रमांकातला एक अंक चुकीचा होता. "मॅडम, तुमच्या वतीनं आमच्याकडे कुणी आलेलंच नाही. एक मेलसुद्धा नाही." कार्डांचं देणं तोवर पावणेतीन लाखांच्या वर गेलं होतं.

रिझर्व्ह बँकेनं ११ डिसेंबर २०२३ रोजी नेमकी याच प्रकाराबद्दल सूचना काढली होती: काही जण फी उकळून कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटतात, त्यांना तसा कोणताही अधिकार नाही. ती मी फार उशिरा वाचली.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळाले. स्त्रियांना ही मदत उत्पन्न न बघता मिळते. त्यांनी दिवाळखोरीचंही समजावलं. २०१६ च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू केलाय. आपल्यासारख्यांना अजून १९२० चा कायदा, मुंबई, कोलकाता, चेन्नईत १९०९ चा. त्यात कोर्टात अर्ज करावा लागतो, सगळी मालमत्ता आणि देणी उघड करावी लागतात, निर्णय न्यायाधीश देतात. एजंटच्या टेबलावर त्यातलं काहीच होत नाही.

सेटलमेंट खोटं नसतं, हे मुद्दाम सांगते, कारण त्या माणसाच्या बोलण्यातला तेवढा खरेपणाच आम्हाला भुलवून गेला. बँका बाकीपेक्षा कमी रक्कम घेऊन तडजोड करतात, पण ती आपल्याला स्वतः अर्ज करून मागता येते. आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, खातं 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसतं, पुढं कर्ज मागताना तेच आडवं येतं. म्हणून आम्ही सेटलमेंट घेतलं नाही. बँकेनं लोनची मुदत वाढवून हप्ता कमी केला, कार्डांच्या बाकीचे कमी व्याजाचे हप्ते बांधून दिले, लेट फीतली काही सोडली. ऑटो डेबिटचे थकलेले पैसे भरल्यावर कोर्टातलं प्रकरण तडजोडीनं मिटलं. हे सगळं करायला त्या बाईंसमोरच्या खुर्चीत तीन वेळा बसावं लागलं, एवढंच. नऊ महिन्यांपूर्वी बसलो असतो तर केवढं वाचलं असतं, या विचारानं आजही झोप उडते.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमक्या येत असतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथं एक पैसाही लागत नाही. पण बँकेशी बोलणं तोडू नका. तोडायला जो सांगेल, त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथं उठा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. ऑनलाइन पाठवलेल्या ७२,००० चा पुरावा खात्यात आहे, रोख दिलेल्या १५,००० ची पावती आम्ही मागितलीच नव्हती. त्या माणसाचा नंबर आता लागत नाही. गेल्या आठवड्यात मात्र तीच जाहिरात माझ्या बहिणीच्या मोबाईलवर आली, नाव दुसरं, वाक्यं तीच. तिचेही दोन हप्ते थकलेत. तिनं आधी मला विचारलं म्हणून वाचली.