हीटसिंक कोमट, ट्रान्झिस्टर खलास

गणपतीच्या तोंडावर घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांनी हे वाचावंच. मी देवगड तालुक्यातला, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत वीस वर्षं काढलेला, तरी गेल्या वर्षी फसलो.

वाडीच्या भजन मंडळासाठी अ‍ॅम्प्लिफायर करायचा होता. आऊटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या टप्प्याला, ५२०० आणि १९४३ या नंबरच्या ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या लागणार होत्या. मुंबईच्या एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या निम्मा भाव सांगितला. वर तोशिबाचं नाव, पाकीटही तसंच. पैसे आधी पाठवले.

चाचणीला वीस मिनिटांत एक बाजू बंद. बुवांनी पडवीतून विचारलं, "आवाज खंय गेलो रे?" मीटर लावला तर कलेक्टर-एमिटर शॉर्ट, म्हणजे ट्रान्झिस्टर मेलेला. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "कोकणात उकाडा फार, तुमचं हीटसिंक लहान पडतंय." हीटसिंक म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा. मला ते पटलं, आणि तिथेच मी अडकलो. ट्रान्झिस्टरखालच्या मायकाच्या वीजरोधक चकत्या बदलल्या, थर्मल पेस्ट पुसून पातळ थर नव्याने लावला, दुप्पट हीटसिंक आणलं, पंखा बसवला. वर दुसरा संचही त्याच्याकडूनच घेतला. तोही गेला, आणि जाताना स्पीकरवर सरळ डीसी चढला. बारा इंची वूफरची कॉइल जळाली. वूफर मंडळाच्या वर्गणीतला होता. तो मी भरून दिला.

त्या क्षणी माझा हात हीटसिंकवर होता आणि ते जेमतेम कोमट होतं. पाणी कुठे मुरतंय ते तेव्हा कळलं. अस्सल ५२०० ची क्षमता केस (ट्रान्झिस्टरचं बाहेरचं अंग) २५ अंशांवर असताना १५० वॅट, आतल्या चिपची मर्यादा १५० अंश. म्हणजे दर वॅटमागे चिप केसपेक्षा साधारण ०.८३ अंश जास्त तापते. ४० वॅटला ३३ अंश. हीटसिंक ४० अंशांवर आणि मायकाचा अडथळा धरून केस ६० मानली, तरी चिप ९३ वरच. एवढ्यात ट्रान्झिस्टर मरत नाही.

मेलेला नग व्हाइसमध्ये धरून फोडला. जुन्या सेटमधला एक निकामी अस्सलही फोडला. अस्सलातली चौकोनी चिप वाटाण्याएवढी, यातली मसुराहून लहान. एवढ्याशा तुकड्यातून उष्णता मागच्या पट्टीपर्यंत पोचायला वाटच नाही. बाहेर कितीही मोठं हीटसिंक लावा, आत चिप जळतेच.

फोटो पाठवले तर त्याने नंबर ब्लॉक केला. फोटो आणि पैसे पाठवल्याची पावती हाताशी ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

नग मागवताना एक जास्तीचा मागवा आणि बाकीचे बसवण्याआधी तो फोडून बघा. पहिल्यांदा चालू करताना वीजपुरवठ्याच्या सिरीजमध्ये बल्ब लावा, आणि खात्री होईपर्यंत मंडळाचा स्पीकर जोडू नका.