गोठ्याची पागा केली: दिवाळी ते गणपती, दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत आमच्या पागेचं काम संपलं. आता गणपती गेल्यावर लिहायला बसलेय. पावसाळा पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण वाई तालुक्याच्या पश्चिमेला, धोमच्या पाण्याकडे, कुठल्याही बांधकामाची खरी परीक्षा जुलैत होते. एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर सगळ्यालाच पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

आमच्याकडे तीन जनावरं. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली मारवाडी घोडी तारा, रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड बादशहा आणि पोरांसाठी घेतलेलं तट्टू, छोटू. जागा म्हणजे मामंजींचा जुना बैलांचा गोठा. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, मंगलोरी कौलं, सागाच्या तुळया. बैल गेले, गोठा उरला. काम काढण्याआधी महिनाभर मी मोबाइलवर परदेशी पागांचे फोटो साठवत होते. काळपट लाकूड, पितळी गोळे बसवलेले खांब, मधल्या वाटेवर चक्क झुंबर. फोटोत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे तिथली थंडी. त्यातल्या बऱ्याच पागा बर्फापासून आडोसा म्हणून बांधलेल्या असतात, म्हणून घट्ट आणि बंदिस्त. आपल्याला आडोसा हवा उन्हाचा आणि पावसाचा, वाऱ्याचा नव्हे. हे मला कळायच्या आत आमच्या कॉन्ट्रॅक्टरने नकाशात फॉल्स सीलिंगसुद्धा काढून ठेवलं होतं.

आमचे मोतद्दार काका पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यांमागे आयुष्य काढलेले. त्यांनी तो नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वैनी, हितं घोडी बांधायची हायती का कुणाचं लगीन लावायचंय?"

सीलिंग तिथेच रद्द झालं. कौलं ठेवली, आढ्यापाशी फूटभर उंच दुसरं छोटं छप्पर उचलून घेतलं आणि दोन्ही बाजूंनी फट सोडली. गरम हवा वर जाते आणि तिथून निघून जाते, एवढाच त्यातला मंत्र. मे महिन्यात अंगणात उभं राहवत नव्हतं तेव्हा आत सावलीत वारा लागायचा. सगळ्या खर्चात हा भाग सर्वात कमी मिरवणारा. पाहुण्यांनी मान वर करून त्याचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. पण पुन्हा पागा बांधायची वेळ आली तर मी पहिला पैसा इथेच घालीन.

ठाणं, म्हणजे एकेका घोड्याची बांधायची जागा, तीन. ताराचं आणि बादशहाचं 12 बाय 12 फूट, छोटूचं 10 बाय 10. मधली वाट 10 फुटांची. दोन ठाणांमधली भिंत खालून साडेचार फूट भरीव आणि वर उभे लोखंडी गज, खूर अडकणार नाही इतक्या कमी अंतरावर. आधी मला पूर्ण भिंती हव्या होत्या, नीटनेटकं दिसतं म्हणून. काका ऐकेनात. घोडं कळपातलं जनावर, शेजारी कोण आहे ते त्याला दिसलं पाहिजे. बादशहा पहिल्या आठवड्यात रात्रभर ठाणात फेऱ्या मारायचा. ताराचं तोंड गजांतून दिसायला लागलं आणि हळूहळू थांबला.

आता जमिनीबद्दल, कारण लोक मला सर्वात जास्त हेच विचारतात. मला पॉलिश केलेली कोटा फरशी हवी होती. नाल लावलेलं घोडं ओल्या पॉलिशवर घसरलं की पाय मोडल्याशिवाय राहत नाही, हे ऐकल्यावर हट्ट सोडला. खरखरीत काँक्रीट, वाटेकडे हलका उतार आणि त्यावर 17 मिलिमीटर जाडीच्या रबरी मॅट घातल्या. एक मॅट साधारण 4 बाय 6 फुटांची आणि वजनाला एवढी की एकट्या माणसाने उचलायचं नाव काढू नये.

पहिले चार-पाच महिने मी या मॅटच्या प्रेमात होते. लीद उचलायला सोपी, भुसा कमी लागतो, आणि काळ्याभोर रबरावर पिवळाधमक भुसा फोटोत काय दिसतो म्हणून सांगू! विकणाऱ्याने तर सांगितलं होतं की भुशाची गरजच नाही. हे अजिबात खरं मानू नका. बादशहा पहिल्या दोन रात्री उघड्या मॅटवर लघवीच करेना. कडक जमिनीवर शिंतोडे पायांवर उडतात, ते बऱ्याच घोड्यांना खपत नाही. रेसच्या तबेल्यात त्यांना शिट्टीची सवय लावलेली असते, म्हणून काका रात्री अकरा वाजता ठाणापाशी उभे राहून शिट्टी वाजवत होते. तिसऱ्या दिवशी चार बोटं भुसा घातला, प्रश्न सुटला. शिवाय घोडं उभ्याउभ्या डुलकी काढत असलं तरी गाढ झोपेला आडवंच व्हावं लागतं, आणि नुसत्या रबरावर आमची तारा काही आडवी होईना.

खरा घोटाळा जुलैत उघडा पडला. आत शिरलं की डोळ्यांना चुरचुर. फिनेल झालं, धूप झाला, काही फरक नाही. शेवटी आम्ही दोघांनी पहार घालून एक मॅट उचलली. खाली काळपट चिकट थर, आणि असा भपका आला की मी मागे सरकले. आमच्या मॅट भिंतीला घट्ट बसवलेल्याच नव्हत्या, सांध्यांत बोटभर फटी होत्या. मूत्र त्यातून खाली झिरपत होतं, उन्हाळ्यात वाळत होतं, पावसाळ्यात वाळायचं बंद झालं. मुताचा अमोनिया होतो आणि तो जमिनीलगत तयार होतो. आपण पाच फुटांवरून वास घेतो, घोडं नाक खाली घालून चारा खातं आणि खाली झोपतं. तेव्हापासून माझी एकच परीक्षा: सकाळी दार उघडल्याबरोबर ठाणात उकिडवं बसायचं, पाच मिनिटं. तुम्हाला बसवलं नाही तर घोड्याने रात्र कशी काढली असेल ते कळतं.

आता दर महिन्याला मॅट उचलून धुतो, खाली चुन्याची भुकटी मारतो. छोटूच्या ठाणात एकमेकींत दात अडकवून बसणाऱ्या मॅट घातल्या, त्या बऱ्याच बऱ्या आहेत. मॅटला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण विकणाऱ्याच्या तोंडामुळे कापला.

भिंतींचं ऐका. वाटेच्या दर्शनी भिंतीला मी महागाचा टेक्स्चर रंग लावून घेतला होता, मरून छटेचा, वाड्यासारखा दिसावा म्हणून. घोड्याला तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, निळा-पिवळा कळतो, म्हणजे हा रंग निव्वळ माझ्यासाठी होता. ऑगस्टमध्ये त्याला खालून पोपडे सुटले. जुन्या दगडी भिंतीला श्वास घ्यायला वाट नव्हती, ओल आतच कोंडली. ठाणांच्या आत मात्र काकांनी त्यांच्या हट्टाने चुन्याची सफेदी मारली होती, खाली गेरूचा पट्टा. ती शाबूत आहे. जिथे निघाली तिथे काका अर्ध्या तासात पुन्हा ब्रश फिरवतात. उजेडही तिच्यामुळे दुप्पट वाटतो. येत्या दिवाळीला मरून खरवडून सगळीकडे चुनाच.

भिंतीतले कोनाडे मात्र माझी खरी मिरवायची जागा. गोठ्यात आधीपासून तीन होते, दिवा ठेवायला. आम्ही वाटेच्या बाजूला आणखी चार काढले. खरारा, ब्रश, खूर साफ करायची आकडी, मलमाची डबी, सगळं भिंतीच्या आत. बाहेर ना खुंटी, ना फळी, ना काही टोक. अंगावर धावून आलेलं घोडं वाटेत वळवताना त्याच्या बरगडीला काही लागत नाही, आणि आपल्याही. परदेशी फोटोंत पितळी हुकांच्या रांगा असतात, दिसतात देखण्या. मला आता त्या पाहिल्या की पोटात गोळा येतो.

दारं सरकती केली, वर रूळ. जागा वाचते, वाट मोकळी राहते. पण खाली जमिनीत पन्हळ खोदली ती चूक. भुसा आणि लीद भरून दार रोज अडायचं. आता पन्हळ बुजवून कडेला छोटे रोलर लावलेत. कडी साधी लावू नका. तारा ओठांनी कडी उघडायला आठ दिवसांत शिकली, आणि एके पहाटे तिघंही मामंजींच्या लसूणघासात. दाराच्या लाकडी कडांना लोखंडी अँगल मारून घ्या, नाहीतर घोडी कुरतडून त्याची कोरीव नक्षी करते. मागच्या बाजूला दोन पल्ल्यांची जुनी दारं ठेवली होती; वरचा पल्ला दिवसभर उघडा. बादशहाचं अर्धं आयुष्य त्या पल्ल्यातून रस्ता बघण्यात जातं.

दिव्यांवर फार लिहीत नाही. मधल्या वाटेवर पितळी हंड्या टांगल्या होत्या, त्यावर धूळ, जाळी आणि पाकोळ्या. जानेवारीत बादशहा एकदा मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याचं डोकं हंडीपासून वीतभर लांब राहिलं. त्याच संध्याकाळी त्या उतरवल्या. आता बंद काचेचे एलईडी दिवे भिंतीला वर लावलेत, वायर सगळी पाइपातून, उंदीर आहेत म्हणून. चारा वेगळ्या शेडमध्ये. ओलसर गवताची गंजी आतून तापते आणि पेटते, त्यात विजेच्या वायरी शेजारी नकोतच.

आता ज्या गोष्टीबद्दल मला स्वतःचाच राग येतो ती. पाण्याची आपोआप भरणारी स्टीलची भांडी. भिंतीत बसवलेली, चकचकीत, घोडं प्यायलं की आतला तरंगता व्हॉल्व्ह पाणी सोडतो. बादल्या वाहणं बंद. पहिले काही महिने सगळं झकास. जूनमध्ये पहिल्या वादळात दोन दिवस वीज गेली. दुसऱ्या रात्री काका दार वाजवत आले. तारा पुढच्या पायाने जमीन उकरत होती, वळून वळून पोटाकडे बघत होती, चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावत नव्हती. पोट अडल्याची लक्षणं. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. लीद शेवटची कधी टाकली, आणि दिवसात पाणी किती प्यायली?

पहिल्याचं उत्तर काकांकडे होतं. दुसऱ्याचं कोणाकडेच नव्हतं. भांड्यात तळाशी थोडं पाणी दिसत होतं, म्हणून आम्ही दोघंही समजून चाललो होतो की पाणी आहे. वरची टाकी केव्हाच रिकामी झाली होती. घोड्याला दिवसाला 25 ते 50 लिटर पाणी लागतं, हवा आणि चाऱ्याप्रमाणे कमीजास्त. तिच्या पोटात किती गेलं होतं कुणास ठाऊक. डॉक्टर अडीच वाजता आले, नाकातून नळी घातली, पहाटेपर्यंत आम्ही तिला अंगणात फिरवत होतो. साडेपाचला तिने लीद टाकली. काकांनी त्या लिदेकडे असं पाहिलं की नातवंड जन्मलंय.

भांडी अजून भिंतीत आहेत, कोरडी. प्रत्येक ठाणात आता जुन्या टायरात बसवलेल्या दोन वीस लिटरच्या बादल्या आहेत. टायरमुळे कलंडत नाहीत. बादलीच्या आत काकांनी ऑइलपेंटने रेघा मारल्यात. सकाळ-संध्याकाळ रेघ बघायची आणि फळ्यावर आकडा लिहायचा. अख्ख्या पागेत त्या टायरांइतकं कुरूप काही नाही.

गव्हाणीचंही असंच झालं. आधी छातीच्या उंचीला लोखंडी जाळीचे कोपरे लावले होते, चारा वर, जमीन स्वच्छ. चाऱ्याची धूळ थेट नाकाडोळ्यांत. बादशहा खोकायला लागला तशी गव्हाण जमिनीवर आणली. माळावर घोडं मान खाली घालूनच चरतं, तेच इथेही.

राहिली खोगीरखोली. तीच माझी सर्वात आवडती आणि तिथेच माझा सर्वात मोठा बावळटपणा. काचेचं कपाट करून घेतलं, आत दिवे. खोगीर, लगाम, रिकिबी दागिन्यांसारख्या मांडल्या. श्रावण लागेपर्यंत चामड्यावर पांढरी बुरशी. बंद काच म्हणजे बुरशीची रोपवाटिकाच. आता खोगिरं लाकडी घोडीवर उघडी, खोलीच्या दाराला फटींच्या पट्ट्या, कोपऱ्यात दिवसभर एक साधा पिवळा बल्ब, आणि आठवड्याला एकदा तेलाचा हात. उतरवलेल्या पितळी हंड्या तिथे टांगल्यात, तिथे त्या शोभतात. काका दुपारचा चहा तिथेच पितात.

काचेचं कपाट सहा बाय सात फुटांचं आहे, काच अखंड, दिवे चालू. भांडी-चष्म्याच्या दुकानाला उत्तम. अर्ध्या किमतीत देईन, टेम्पो ज्याचा त्याने आणायचा.