विंडोज ७ वर पायथन ३.८ : सोसायटीच्या संगणकावरील अनुभव

मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयातील संगणक अजूनही विंडोज ७ वर चालतो आणि त्यावर देखभाल शुल्काची बिले काढण्यासाठी मी वर्षभर पायथन ३.८ ही प्रोग्रामिंग भाषा वापरत आहे. पायथन ३.९ ला किमान विंडोज ८.१ लागते, त्यामुळे या संगणकासाठी तयार इन्स्टॉलरसह मिळणारी शेवटची आवृत्ती ३.८.१० हीच, आणि तिच्यासाठीही सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ साठीचा सुधारणांचा संच) आधी असावा लागतो.

खरी कसोटी लागली ती मराठी नावांची. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘कुलकर्णी’च्या जागी नुसते चौकोन उमटले, तेव्हा सभासदांची यादीच बिघडली असे वाटून माझ्या पोटात गोळा आला; प्रत्यक्षात फाइल शाबूत होती, फक्त त्या खिडकीला देवनागरी दाखवता येत नव्हती. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिले आणि एक्सेलसाठीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याची फाइल) ‘यूटीएफ-८-सिग’ या, सुरुवातीला ओळखखूण जोडणाऱ्या प्रकारात जतन केली, की एक्सेलमध्ये जोडाक्षरांसह सगळी नावे जशीच्या तशी दिसतात. वेगाबद्दल तक्रार नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून मात्र ३.८ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून मी संगणकाची इंटरनेटची तार काढून ठेवली आहे. ज्या कामाला इंटरनेट लागते, त्यासाठी ही जोडी मी कोणालाही सुचवणार नाही.