डिलिव्हरन्स: या वेळी फक्त बॉबीकडे पाहिलं

'डिलिव्हरन्स' मी पहिल्यांदा होस्टेलवर पाहिला, एका लॅपटॉपभोवती आठ-नऊ जण कोंडाळं करून. जंगलातल्या 'त्या' प्रसंगाला खोलीत हशा पिकला. मीही हसलो. आमच्यातला एक जण उठून गेला तो परत आला नाही. का, ते त्याने मला बारा वर्षांनी सांगितलं. म्हणून गेल्या आठवड्यात सिनेमा पुन्हा लावला आणि या वेळी फक्त बॉबीकडे बघत राहिलो.

जॉन बूर्मन यांचा हा सिनेमा १९७२चा. धरणात बुडणारी नदी एकदा पाहून घ्यावी म्हणून चार शहरी मित्र अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या जंगलात होड्या घेऊन जातात; बॉबी, एड आणि लुईस हे त्यांतलेच. वाटेत दोन अनोळखी माणसं बंदुकीच्या धाकाने अडवतात, एक जण बॉबीवर बलात्कार करतो. लुईस त्या बलात्काऱ्याला बाणाने मारतो. मग प्रेत पुरायचं की पोलिसांत जायचं, यावर चौघं मत देतात. बॉबी म्हणतो, ही गोष्ट बाहेर पसरायला नको. बस्स, एवढंच. खून पचवणं त्याला सोपं वाटतं, आपल्यावर काय झालं हे चारचौघांत सांगणं नाही. भयपटातल्या कुठल्याही भुताने मला इतकं घाबरवलेलं नाही. (आपल्याकडे भारतीय न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम आजही फक्त स्त्रीच पीडित असू शकते असं धरून चालतं. बॉबी इथे असता तर कुठल्या कलमाखाली तक्रार देणार होता?)

सिनेमा कमी पडतो तो यापुढे. जेवणाच्या टेबलावर रडू फुटतं ते एडला. पाण्यातून वर येणारा हात स्वप्नात दिसतो तोही एडला. बॉबीची रात्र कशी जाते, हे कुणी विचारतच नाही. आता काही दिवस आपली भेट होईलसं वाटत नाही, एवढं एडला सांगून तो निघून जातो.

बॉबी साकारणाऱ्या नेड बीटी यांचा हा पहिलाच सिनेमा, आणि त्यांनी बॉबीला कुठेही केविलवाणा होऊ दिलेला नाही. तरी लोक त्यांना त्या प्रसंगातला 'डुकरासारखा किंचाळ' हा संवाद ओरडून ऐकवत राहिले. १९८९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही.

सिनेमा जरूर पाहा, पण घोळक्यात नको. तो प्रसंग लांबलचक आहे आणि कॅमेरा नजर वळवत नाही. असं काही स्वतः सोसलेलं असेल, तर तेवढा भाग खुशाल पुढे ढकला. मतदानापासून पाहिलंत तरी चालेल.