८०जेजेएए आणि फॉर्म १०डीए : कर कंपनीचा वाचतो, पगाराचं काय?

नवी भरती करणाऱ्या कंपनीसाठी आयकरातली कलम ८०जेजेएएची ही वजावट आणि ती फॉर्म १०डीए या सीएच्या अहवालाने मागण्याची आयकर पोर्टलवरची सोय : पाचपैकी तीन तारे.

आधी पैशाचं. महिना २०,००० रुपयांवर दहा नवे कामगार पूर्ण वर्षासाठी घेतले तर पगार २४ लाख. तो खर्चात जातोच. वर ३० टक्के, म्हणजे ७.२० लाखांची जादा वजावट, सलग तीन वर्षं. बहुतेक वजावटी सोडून मिळणारा २२ टक्क्यांचा दर (अधिभार, उपकर धरून २५.१६८) निवडला तरी ही वजावट शाबूत राहते. कर वर्षाला साधारण १.८१ लाखांनी कमी होतो, कामगारामागे महिना सुमारे १,५१० रुपये. यातला रुपयाही पगारात घालायची सक्ती नाही.

खरी अडचण २५,००० च्या मर्यादेत आहे. महिन्याचा पगार त्यावर गेला की कामगार हिशेबातून सरळ बाद. २५,००० ऐवजी २५,५०० वर घ्यायचं तर ५०० च्या वाढीपायी कंपनी महिना जवळपास १,९०० ची करबचत गमावते. मालक आकडा कुठे थांबवेल, हे सांगायला सीए लागत नाही. मर्यादा २०१६ च्या अर्थसंकल्पातली. २०२५-२६ लाही तीच. मालकाचा पीएफचा वाटा मात्र त्यात धरत नाहीत.

दावे अडकतात ते बहुधा दिवसांवर. वर्षात २४० दिवस नोकरी हवी, म्हणजे ४ ऑगस्टनंतर आलेला त्या वर्षी बसत नाही. पुढच्या वर्षी २४० भरले तर तेव्हापासून धरतात. कपडे, पादत्राणे, चामड्याच्या उद्योगांना १५० दिवस पुरतात. गेलेल्यांच्या जागी तितकीच माणसं घेतली आणि ३१ मार्चच्या पटावरची संख्या वाढली नाही, तर चालू धंद्याला वजावट शून्य. रोख पगार चालत नाही, पीएफ खातं हवंच.

पोर्टल त्या मानाने सरळ. ‘माय सीए’मध्ये सीए जोडा, फॉर्म १०डीए त्यांच्याकडे सोपवा, ते डिजिटल सहीने अपलोड करतात, यूडीआयएन (सीएच्या प्रत्येक दाखल्याचा ओळख क्रमांक) टाकतात. इथेच बरेच जण निर्धास्त होतात. कंपनीने पोर्टलवर स्वतःच्या ‘वर्कलिस्ट’मध्ये (बाकी कामांच्या यादीत) जाऊन स्वीकारल्याशिवाय फॉर्म दाखल होत नाही, आणि त्याची मुदत रिटर्नच्या एक महिना आधी, एरवी ३० सप्टेंबरला संपते.