क्वायरसाठी पैसे कुठे घालायचे: मानधन, शिकवणी की नवा कीबोर्ड?

वसईत किंवा मुंबईच्या उपनगरांत हा पेच बहुतेक कॅथलिक धर्मग्रामांवर (पॅरिशवर) कधी ना कधी येतो. वर्षानुवर्षं कीबोर्ड सांभाळणाऱ्या बाईंना आता जमत नाही, किंवा त्या मुलाकडे परदेशी निघाल्यात. त्यातच प्रमुख धर्मगुरूंची बदली होते आणि नवे फादर आपली आवड घेऊन येतात. सणाच्या हिशेबातून थोडी शिल्लक राहिलेली असते. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत ठरतं की यंदा क्वायरसाठी, म्हणजे चर्चच्या गायकवृंदासाठी, काहीतरी करायचं. मग तीन प्रस्ताव हमखास निघतात: नवा कीबोर्ड घ्या, वाजवणाऱ्याला मानधन द्या, नाहीतर पोरांना शिकायला पाठवा. माझा कौल आधीच सांगून टाकते: माणूस आधी, यंत्र शेवटी.

नवा कीबोर्ड, नवी साउंड सिस्टिम

हा प्रस्ताव सर्वांत लवकर मंजूर होतो, कारण वस्तू दिसते, तिला आशीर्वाद देता येतो आणि देणगीदाराचं नाव लावता येतं. जुन्या कीबोर्डच्या चार पट्ट्या मुक्या झाल्या असतील तर घ्याच. पण वाजवणारं कोणी नसताना घेतलेला कीबोर्ड दोन महिन्यांत कव्हरखाली जातो. मग कोणीतरी पेनड्राइव्हवर ट्रॅक आणतं आणि क्वायर त्यावर गाऊ लागतं.

ट्रॅकबद्दल चर्चची भूमिका जुनी आहे. उपासनेत रेकॉर्ड केलेलं संगीत वापरू नये, असं रोमने ३ सप्टेंबर १९५८ च्या सूचनापत्रातच सांगितलं होतं. नियम बाजूला ठेवला तरी कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, रांग बघा. ती कधी लवकर संपते, कधी दाराबाहेर जाते. हाताने वाजवणारी बाई मान वळवून रांग बघते आणि आणखी एक कडवं घेते, किंवा मधलं गाळते. ट्रॅक आपल्या वेळेला संपतो आणि निम्मी रांग शांततेत सरकत राहते.

जाता जाता: नवं वाद्य घ्यायचंच असेल तर हार्मोनियम आणि तबल्याचाही भाव विचारा. मराठी मिस्सातली (चर्चमधल्या मुख्य उपासनेतली) निम्मी गाणी भजनाच्या अंगाची असतात, त्यांना ती जोडी शोभते. मिशनच्या प्रदेशांत तिथल्या संगीत-परंपरेला मान द्यावा, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातच म्हटलंय. शिवाय पावसाळ्यात वीज गेली तरी पेटीचं काही अडत नाही.

मानधन

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: "देवाची सेवा आहे, पैसे कसले मागायचे?" सणाला मांडववाल्याला, लायटिंगवाल्याला आणि बँडवाल्याला आपण घासाघीस करून का होईना पैसे देतोच. फुकट राबायची अपेक्षा नेमकी आतल्या माणसाकडून असते. रविवारच्या दोन मिस्सा, एक प्रॅक्टिस आणि गाणी निवडून त्यांच्या प्रती काढणं धरलं, तर आठवड्याचे पाच-सहा तास सहज जातात. मयत आणि लग्नं वेगळीच. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचं (चर्चच्या कायद्याचं) २३१ वं कलम सांगतं की चर्चच्या विशेष सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या लोकांना, योग्य मोबदल्याचा हक्क आहे. कीबोर्ड वाजवणारी प्रत्येक व्यक्ती त्या कलमात बसते की नाही यावर वाद घालता येईल, पण पैसे देणं अधार्मिक आहे असं तरी कोणी म्हणू नये.

जर्मनीकडे बोट दाखवलं की लोक म्हणतात, तिथे चर्च-कर आहे, आपली बरोबरी कशी होणार? खरंय. तिथल्या पूर्णवेळ चर्च-संगीतकाराची नोकरी आपल्याला परवडायची नाही. उचलण्यासारखी गोष्ट त्याच्या खालची आहे. 'सी' दर्जाची (अर्धवेळ चर्च-संगीतकाराची) परीक्षा दिलेला शाळामास्तर किंवा कारकून आपली नोकरी सांभाळून गावच्या चर्चमध्ये वाजवतो, त्याला त्याचे पैसे मिळतात, आणि अशा अनेकांमागे विभागाचा एक पगारी संगीतकार उभा असतो. आगमनकाळ (नाताळआधीचे चार आठवडे) २०१३ मध्ये तिथे नवं गीतपुस्तक लागू झालं, तेव्हा अडलेल्यांना विचारायला जवळ कोणीतरी होतं.

आपल्याकडे काय झालं? २०११ च्या आगमनकाळात इंग्रजी मिस्साचा मजकूर बदलला आणि पाठ झालेल्या ग्लोरियाच्या (मिस्सातल्या स्तुतिगीताच्या) चाली एका रविवारात जुन्या झाल्या. ५ एप्रिल २०२० ला, झावळ्यांच्या रविवारी (इस्टरच्या आदल्या रविवारी), मिस्सातल्या बायबल-वाचनांचं नवं इंग्रजी पुस्तक लागू झालं आणि प्रतिसाद स्तोत्रांचे शब्द बदलले. तेव्हा टाळेबंदी होती, चर्च रिकामी होती. पुढे दारं उघडली तशी बहुतेकांनी आपापल्या घरी, मोबाइलवर ऐकून नव्या चाली बसवल्या.

तेव्हा मानधन म्हणजे बक्षिसी समजू नका. ते दिलं की प्रॅक्टिसची वेळ, सुट्टी, बदली वादक यांबद्दल हक्काने बोलता येतं. आकडा छोटा असला तरी चालेल, पण तो दर महिन्याला मिळावा. नाताळला पाकीट आणि पुढे वर्षभर काहीच नाही, यापेक्षा ते बरं.

शिकवणी

या बाबतीत आपल्या शेजारी गोव्यात एक घडी बसलेली होती. सोळाव्या शतकापासून तिथल्या पॅरिश शाळांतून मुलं सोल्फेजो (स्वरांची नावं घेऊन गाणं) गात, व्हायोलिन शिकत. शिकवायला चर्चचा पगारी मेस्त्री (संगीतशिक्षक) असे आणि क्वायरही तोच सांभाळी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. त्यांचे वडील चर्चमध्ये क्वायर सांभाळत. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोव्याची इतकी मंडळी कशी, याचं बरंचसं उत्तर या शाळांत आहे. मेस्त्रीच्या पगारात आजचं वाजवणं आणि उद्याचा वादक, दोन्ही येत असे. पुढे लॅटिन गेलं, शाळा बदलल्या आणि ती घडी विस्कटली.

आज आपण मुलाला पियानोच्या ग्रेडच्या परीक्षांना बसवतो. वाईट काहीच नाही, बोटं तयार होतात. पण चौथी ग्रेड पास झालेला मुलगा रविवारी अडतो, कारण लोकांना झेपेल तो सूर धरायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. सकाळी सातच्या मिस्साला म्हाताऱ्या माणसांचे गळे वर जात नाहीत. अनुभवी बाई सूर खाली-वर करणारं ट्रान्सपोजचं बटण दोनदा खाली दाबून मोकळी होते. पवित्र गुरुवारी ग्लोरिया झाला की वाद्य फक्त गाण्याला आधार देण्यापुरतं वाजवायचं, तेही इस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीच्या ग्लोरियापर्यंत, हेसुद्धा पियानोच्या क्लासात कळत नाही.

हे सगळं बाईंच्या फायलीत असतं. प्लॅस्टिकच्या कव्हरातल्या झेरॉक्स, शब्दांवर पेन्सिलीने लिहिलेले कॉर्ड, समासात 'फादर इथे थांबतात', एखाद्या गाण्यावर काट मारून 'मयतीला नको'. बाई गेल्या की फाइल बहुधा कपाटात राहते आणि नवा मुलगा शून्यापासून सुरू करतो.

म्हणून शिल्लक मोजकी असेल तर मी मानधन आणि शिकवणी वेगळी काढणार नाही. निघालेल्या बाईंनाच निदान एक वर्ष मानधन द्यावं, मात्र शिकवण्यासाठी. आठवीपासून कॉलेजपर्यंतची दोन-तीन पोरं त्यांच्या शेजारी बसवावीत. दोन-तीन अशासाठी की एक बारावीला गळतो आणि एक नोकरीला बाहेरगावी जातो. बाई शहर सोडून चालल्या असतील, तर जाण्याआधीचे तीन महिने फाइल नीट लिहून घेण्यासाठी त्यांना पैसे द्या. बाहेरचा क्लास लावायचा तर तो यानंतर.

नवे फादर आले तर

मानधनाचा ठराव झाला आणि सहा महिन्यांत फादर बदलले, तर? पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतंच असतं, धर्मविधिसंहितेचं ५३६ वं कलम तसं स्पष्ट म्हणतं. नव्या फादरांना गिटारवाला तरुण ग्रुप हवा असेल, तर जुना ठराव त्यांना बांधत नाही. म्हणून पैसे अर्थसमितीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून टाकून घ्या. आणि एक पान लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या: दरमहा किती, किती मिस्सा, लग्नाचे पैसे कोणाचे, गाण्यांची यादी किती दिवस आधी आणि कोणाकडे जाणार, थांबायचं किंवा थांबवायचं असेल तर तीन महिन्यांची सूचना. त्यात एक ओळ मी आग्रहाने घालेन: पवित्र आठवड्याच्या आधीच्या महिन्याभरात वादक किंवा चाली बदलायच्या नाहीत. उन्हाळ्यात बदली होणार अशी कुणकुण असेल, तर हे पान इस्टरआधीच, सध्याच्या फादरांच्या सहीने, दप्तरात लावून घ्या.