गुडघ्यांच्या व्यायामासाठी अ‍ॅप घ्यावं का? पावसाळ्यापासून आतापर्यंतचा माझा अनुभव

गुडघेदुखीसाठी घरी व्यायाम करणाऱ्याने फोनवर अ‍ॅप घ्यावं का, असं बिल्डिंगमधल्या बायका मला आता विचारतात. माझं उत्तर 'घ्या' असंच असतं, पण व्हिडिओंसाठी घेऊ नका, हेही मी लगेच सांगते. व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने फुकट आहेत. अ‍ॅपचा खरा उपयोग त्यातल्या नोंदींचा आहे. आज काय केलं, करताना किती दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखतंय, या तीन गोष्टी ज्यात नीट टिपता येतात ते अ‍ॅप कामाचं.

माझ्याबद्दल थोडक्यात. साठी ओलांडलेली आहे, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. झीज (ऑस्टिओआर्थ्रायटिस) दोन्ही गुडघ्यांत आहे, उजव्यात जास्त. एक्स-रेवर 0 ते 4 अशी प्रत लावतात (4 म्हणजे सगळ्यात जास्त झीज), त्यात माझा उजवा गुडघा 2 वर आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशनचा विषयच नाही, मांडीचे स्नायू मजबूत करा आणि वजन उतरवा. आपल्याकडे 'वंगण संपलं', 'गादी झिजली' असं एकदा कानावर पडलं की माणूस धसका घेतो आणि उठबस, चालणं, जिने सगळं कमी करतो. त्याने मांडीचा पुढचा स्नायू आणखी ढिला पडतो आणि चालताना बसणारे धक्के सांध्याला जास्त सोसावे लागतात. डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये या आजाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात व्यायाम सगळ्यांनाच सांगावा असं आहे आणि पॅरासिटामॉल नेहमीचा उपाय म्हणून देऊ नये असंही आहे. म्हणजे व्यायाम हेच इथे औषध. ते रोज घरी एकट्याने, कोणी बघत नसताना घ्यायचं, आणि अवघड काय ते तेवढंच.

मी दोन अ‍ॅप वापरली. पहिलं फिजिओथेरपीच्या क्लिनिकमधून मिळालं. तिथल्या फिजिओ मॅडम त्यांच्या कॉम्प्युटरवर माझे व्यायाम निवडतात, मला एक कोड देतात, तो टाकला की माझ्या फोनवर माझीच यादी उघडते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून खाली दाबणे, सरळ पाय उचलणे, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणे, खुर्चीवरून उठणं-बसणं, टाचा उचलणे, आणि पुढे पायरीवर चढ-उतार. प्रत्येक व्यायाम झाला की ते विचारतं: किती वेळा केलं, किती दुखलं, शून्य ते दहा. मी भरलेलं मॅडमना त्यांच्याकडे दिसतं.

दुखण्याच्या त्या आकड्याने माझं सगळं बदललं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: व्यायाम करताना पाचापर्यंत दुखलं तरी चालेल, पण ते चोवीस तासांत मूळ पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी कमी करायचं, बंद नाही करायचं. ऐकायला सोपं आहे. पण गुडघा दुखायला लागला की मन लगेच म्हणतं, आपण झीज वाढवतोय. ही भीती नुसत्या समजावण्याने जात नाही. माझी गेली ती अ‍ॅपमधला आलेख बघून. करताना चार, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन. करताना चार, सकाळी दोन. असं आठवडेच्या आठवडे दिसत राहिलं आणि पुढे 'करताना'चा आकडाच खाली यायला लागला. दुखलं म्हणजे बिघडलं असं नसतं, हे मला माझ्याच आकड्यांनी पटवून दिलं.

याची परीक्षा गौरी-गणपतीत झाली. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं, नैवेद्य, पंगत वाढताना वाकणं, पाटावर बसणं-उठणं. उजवा गुडघा सुजल्यासारखा झाला आणि सकाळचा आकडा सहावर गेला. एरवी अशा वेळी आमच्याकडे महिनाभर 'आराम' चालतो. या वेळी मॅडमनी नोंदी पाहून फोन केला आणि म्हणाल्या, "ताई, खुर्चीची उठबस आणि पायरी चार दिवस बंद. गुडघा दाबणं आणि सरळ पाय उचलणं चालू ठेवा, पण निम्म्या वेळा." आकडा तीनवर आल्यावर खुर्चीचा व्यायाम परत सुरू झाला. मागे किती पातळीवर होते ते अ‍ॅपमध्ये होतंच, त्यामुळे अंदाजपंचे सुरुवात करावी लागली नाही. नुसत्या व्हिडिओवर व्यायाम करणाऱ्याला ही मदत मिळत नाही.

दुसरं अ‍ॅप मी उत्सुकतेने घेतलं, नाव देत नाही. महिन्याला पैसे भरायचे, आणि फोनचा कॅमेरा तुमच्याकडे बघून मोजतो की गुडघा किती वाकला, किती वेळा झालं. कल्पना उत्तम आहे. पण आमच्या घरात ती चालवणं कठीण गेलं. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचा, आपण मागे सरकत सरकत दारापर्यंत जायचं, तेव्हा कुठे डोक्यापासून पायापर्यंत चित्र येतं. साडी किंवा गाऊन असला की कॅमेऱ्याला गुडघा सापडत नाही, आणि मध्येच 'पूर्ण वाका' असं इंग्रजीत बजावत राहतो. पूर्ण वाकणं मला मनाई आहे, हे त्याला माहीतच नाही. लेगिंग घालून, दिवा लावून केलं तर मोजणी बऱ्यापैकी जमते, हे मान्य करायला हवं. तरुण मंडळींना, मोठा हॉल असणाऱ्यांना ते आवडेलही.

त्या अ‍ॅपची मला मनापासून न पटलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यात सलग किती दिवस व्यायाम केला याची साखळी दाखवतात, आणि एक दिवस चुकला की ती शून्यावर. गुडघ्याच्या आजारात दुखणं उसळून येणारे दिवस येतातच, त्या दिवशी कमी करणं हाच योग्य उपचार असतो. योग्य ते केलं म्हणून माणसाला शून्य दाखवणं चुकीचं आहे. शिवाय ताकदीचे व्यायाम रोज लागतही नाहीत. मला आठवड्यातून तीनदा सांगितलेत, मध्ये स्नायूंना विश्रांती.

आठवणीच्या घंटीबद्दल. सकाळी साडेसहाची वेळ लावलेली मी लवकरच बदलली. त्या वेळी पाणी येतं, आणि उठल्या उठल्या गुडघे आखडलेले असतात. या आजारात तो ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो, पण त्या अर्ध्या तासात व्यायाम नकोसा होतो. आता अकरा वाजता, स्वयंपाक झाल्यावर, अंग मोकळं असताना करते. घंटी हवीच, हे माझं ठाम मत आहे. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 206 जणांवर केलेला एक अभ्यास 2021 मध्ये छापून आला. एका गटाला या आजाराची माहिती असलेली वेबसाइट दिली. दुसऱ्या गटाला त्याबरोबर 24 आठवड्यांचा घरचा व्यायाम आणि फोनवर आपोआप येणारे संदेश दिले. फिजिओची एकही भेट नाही. व्यायामाच्या गटात सुमारे 72 टक्के लोकांचं दुखणं लक्षात येण्याइतकं कमी झालं, माहितीच्या गटात सुमारे 42 टक्क्यांचं. साधे संदेश आणि ठरलेला कार्यक्रम इतकं करू शकतो. तरीही माझा आग्रह आहे की सुरुवातीच्या दोन-तीन भेटी फिजिओकडे प्रत्यक्ष व्हाव्यात. सरळ पाय उचलताना मी तो खाली सोडून द्यायचे. मॅडमनी हात लावून दाखवलं, "सावकाश खाली आणा, टाकू नका," आणि तो व्यायाम एकदम जड झाला, म्हणजे जसा व्हायला हवा तसा झाला. हे कुठल्याही पडद्याने मला सांगितलं नव्हतं.

भाषेचं काय? दोन्ही अ‍ॅपमध्ये मराठी नाही. मला इंग्रजी वाचता येतं, पण जमिनीवर आडवं झाल्यावर चष्मा काढून ठेवलेला असतो, तेव्हा ऐकूच यायला हवं. मॅडमनी त्यांच्या आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवल्या, "पाय उचला, पाच मोजा, हळूहळू खाली," आणि मी व्यायाम त्या लावून करते. असं कोणी करून देत असेल तर नक्की मागून घ्या.

आणखी एक उणीव मला फार जाणवते. अ‍ॅप महिन्यातून एकदा प्रश्नावली देतं: जिना चढता येतो का, मोटारीत बसता-उतरता येतं का, बाथटबमधून बाहेर पडता येतं का. आमच्या घरी बाथटब नाही. मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, गावच्या घरी भारतीय शौचालयातून उठता येतं का, देवापुढे वाकून नमस्कार करता येतो का, हे कोणी विचारत नाही. गुडघेदुखीसाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक नावाची प्रश्नावली पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने आपल्याकडच्या राहणीनुसार बदलून घेतलेली आहे. म्हणजे आपल्याच पुण्यात हे काम झालेलं आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ते घ्यावं. माझ्यासाठी 'बरं वाटतंय' याचा अर्थ पाटावर बसून आरती करता येणं हा आहे. ते जमलं की नाही हे मी अ‍ॅपच्या टिपणाच्या चौकटीत हाताने लिहिते.

फरक किती पडला? तीस सेकंदांत हात न लावता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, अशी एक चाचणी आहे. खुर्ची 17 इंच उंच, हात छातीवर. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईचा आकडा 12 च्या खाली असेल तर तो सरासरीपेक्षा कमी धरतात. पावसाळ्यात मी त्याच्या बरीच खाली होते, आता वर आहे. जिना उतरताना कठडा अजून धरते, चढताना लागत नाही. वजन थोडं उतरलं. शरीराचं वजन किलोभर कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो, म्हणून त्या थोड्याचाही मला आनंद आहे. झीज गेलेली नाही, ती जाणारही नाही. मांडी घालून फार वेळ अजूनही बसवत नाही.

गुडघा गरम आणि लाल झाला, अडकून बसला, पोटरी सुजली किंवा ताप आला तर अ‍ॅप बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.

पैशांचं शेवटी सांगते. क्लिनिकचं अ‍ॅप मला वेगळ्या खर्चाशिवाय मिळालं, तेच चालू ठेवलंय. कॅमेऱ्याचं मी बंद केलं. बंद करायचं असेल तर आधी आपल्या नोंदींची पीडीएफ उतरवून घ्या, नंतर यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा. फोनवरून अ‍ॅप नुसतं काढून टाकलं तर पैसे कापले जातच राहतात.